फोटोतला चालता तीळ

कर्जतच्या एसटी स्टँडसमोर मनकर्णा फोटो स्टुडिओ चालवणारे गहिनीनाथ फोटो काढायचे कमी आणि रंगवायचे जास्त. बटण दाबणं कुणालाही जमतं, असं ते स्वतःच म्हणायचे. खरी कला त्याच्या पुढे. अंधाऱ्या खोलीतून निगेटिव्ह बाहेर आली की ते डोळ्याला भिंग लावायचे, शिसपेन्सिलीला ब्लेडनं टोक काढायचे, आणि मग मुरुमांचे खड्डे बुजायचे, देवीचे व्रण जायचे, सावळी पोर गव्हाळ व्हायची आणि गव्हाळ पोर गोरीपान. प्रिंट आली की त्यावर शेवटचा हात बारीक ब्रशाचा. स्थळाला दाखवायच्या फोटोसाठी पार जामखेड, श्रीगोंद्याहून माणसं यायची. निम्म्या तालुक्याची लग्नं आपल्या ब्रशानं जुळवली, हे ते चारचौघांत छाती फुगवून सांगायचे. जुळल्यानंतर त्या घरांत काय झालं, ते सांगायला मात्र कधी थांबायचे नाहीत.

दुकानात शिरलं की गल्ल्यामागच्या भिंतीवर एक मोठा फ्रेम केलेला फोटो दिसायचा. त्यांच्या मुलीचा, धनश्रीचा. लहानपणी झोक्यावरून पडली तेव्हाचा धनश्रीच्या हनुवटीवर चांगला बोटाच्या पेराएवढा व्रण होता. फोटोत तो नव्हता. रंगही बराच उजळला होता. गिऱ्हाईक आलं की फोटोकडं बघून विचारायचं, "ही कोन हो?" आणि धनश्री त्याच फोटोखाली गल्ल्यावर बसलेली असायची. तिला ते लागायचं. गहिनीनाथांना ते कधी उमगलं नाही. आपण लेकीवर केवढे उपकार केलेत, याच समाधानात ते असायचे.

नव्व्याण्णव साली धनश्रीला पुण्याचं स्थळ आलं. मुलगा प्रशांत, कॉम्प्युटरच्या ऑफिसात नोकरीला, स्वभावानं गरीब. मध्यस्थी त्याचे मामा रंगनाथराव, मूळचे इकडचेच. समोरच्या एसटीडी बूथवर त्यांचा फोन आला आणि त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "नाथाभाऊ, फोटो पाठवा. पण ब्रशाचा नको. तो एकदा बघून झालाय माझा."

रंगनाथरावांचं लग्न गहिनीनाथांच्याच फोटोवर ठरलं होतं. संसार दृष्ट लागण्यासारखा चालला होता, मामींवर त्यांचा जीव होता, पण अंतरपाट खाली झाला तेव्हा ते जे दचकले होते ते अजून विसरले नव्हते.

"प्रशांतच्या ऑफिसातला जुना डिजिटल कॅमेरा पाठवतो," ते म्हणाले. "फोटो सरळ फ्लॉपीत जातो. कॅमेरा नि फ्लॉपी आठ दिवसांत परत करा. ऑफिसची वस्तू हाय, जपा."

कॅमेरा एसटीच्या पार्सलनं आला. विटेएवढा जड, कडेला फ्लॉपी घालायची फट, पाठीवर काडेपेटीहून जरा मोठा पडदा. ऑफिसात सगळ्यांच्या हाताखालून गेलेला असल्यामुळे बॅटरीचं झाकण रबर लावून बसवलेलं होतं. गहिनीनाथांनी तो उलटासुलटा करून पाहिला. रोल नाही, निगेटिव्ह नाही.

"मग ब्रश मारायचा कुठं?" त्यांनी विचारलं.

"मारायचाच न्हाई, आण्णा," धनश्री म्हणाली. तिनं सुट्टीत कॉम्प्युटरचा क्लास केला होता, फ्लॉपी तिला नवी नव्हती. ती त्या कॅमेऱ्याकडं फार प्रेमानं बघत होती.

दोन दिवसांवर दसरा होता. त्याआधी नव्या यंत्राला हात लावायचा नाही, असं गहिनीनाथांनी ठरवलं. दरवर्षी खंडेनवमीला ते आपले कॅमेरे, तिपाई, भिंग, ब्रश पाटावर मांडून पुजायचे. यंदा मधला मान पाहुण्याला दिला. व्याह्यांकडून आलेलं यंत्र, म्हणून हळदीकुंकू जरा सढळ हातानं वाहिलं, झेंडूचा हार घातला. धनश्रीनं फ्लॉपी काढून ठेवली होती, फट उघडी होती. गहिनीनाथांना ते तोंड वाटलं. गूळखोबऱ्याचा नैवेद्य त्यांनी पाटावर न ठेवता थेट तोंडापाशी ठेवला आणि डोळे मिटून मनोभावे हात जोडले.

दसऱ्याला दुपारी धनश्री साडी नेसून आली. आतल्या लाइटांत फोटो पिवळा येत होता म्हणून ती बाहेर गल्ल्यासमोर स्टुलावर, दाराच्या उजेडात बसली. गहिनीनाथांनी बटण दाबलं, कॅमेरा दळण दळल्यासारखा घरघरला, आणि पडद्यावर धनश्री उमटली. डाव्या गालावर एक काळाभोर तीळ.

त्यांनी धनश्रीकडं पाहिलं. गाल स्वच्छ होता. पुन्हा काढला. तीळ कपाळावर. तिसऱ्यांदा काढला, तर नाकाच्या शेंड्यावर.

धनश्रीच्या आईला, मनकर्णाबाईंना, यात काही वावगं दिसलं नाही. "पोर नटली की आज. दृष्ट लागंल म्हनून देवानंच तीट लावली," त्या म्हणाल्या आणि मीठमोहऱ्या ओवाळायला आत गेल्या.

गहिनीनाथ मात्र धास्तावले. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसऱ्यांच्या पोरींचे तीळ पुसले, आणि स्वतःच्या पोरीवर हे यंत्र नसलेला तीळ चिकटवत होतं. पुसायला निगेटिव्ह नाही. त्यात कॅमेरा पाहुण्यांचा. तो आपल्या हातात बिघडला असं कळलं तर स्थळ तिथंच संपलं.

त्यांनी मलमलीच्या फडक्यानं कॅमेऱ्याचं भिंग पुसलं. मग कुणाला काहीच सुचेना की जे करतात ते केलं, बॅटरी काढून पुन्हा घातली. तीळ जागचा हलला, पण गेला नाही. मग टीव्ही दुरुस्त करणाऱ्या छगनला बोलावलं. छगननं आधी सवयीनं कॅमेऱ्याच्या पाठीत एक चापट मारली.

"आरं, सासरचा हाय त्यो," गहिनीनाथ कळवळले.

छगननं स्क्रू काढले, आत फुंकर मारली, तारांकडं गंभीरपणे पाहिलं, "पडदाच गेला असनार," असं म्हणाला आणि सगळं परत बसवलं. एक स्क्रू उरला.

"कंपनी एखादा जास्तच देती," छगन म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

तीळ आता ओठाच्या कोपऱ्यात होता. गहिनीनाथांचं जेवणावरचं मन उडालं. कॅमेरा परत करायचा दिवस जवळ येत चालला. रंगनाथरावांना काय सांगायचं, याची ते आरशासमोर उभे राहून तालीम करायला लागले.

धनश्रीनं एका सकाळी नवा फोटो काढायचं सोडून दसऱ्याचा पहिलाच फोटो पडद्यावर आणला आणि नुसती बघत बसली. गालावरचा तीळ हनुवटीवर होता. ती बघत असतानाच तो निघाला, व्रणापाशी जरासा घुटमळला आणि गळ्याकडं उतरला.

"आण्णा, काढल्याला फोटो बदलतो व्हय कधी?" ती म्हणाली. "तीळ फोटोत न्हाईच. काचेच्या आत मुंगी हाय."

गहिनीनाथांनी भिंग लावून पाहिलं. तिळाला पाय होते. त्यांना इतकं हायसं वाटलं की ते लगेच रागावले. एसटीच्या पार्सलवाल्यांना नावं ठेवली, छगनच्या कळकट दुकानाचा उद्धार केला, शेवटी म्हणाले, "पुन्याहूनच भरून आलीया. ही मोठ्या ऑफिसांची तऱ्हा."

मनकर्णाबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आन् त्याच्या तोंडाला गूळ कुनी लावल्ता?"

गहिनीनाथ गुळाचा डबा आणायला उठले.

ज्यानं आणलं त्यानंच न्यावं, म्हणून फ्लॉपी काढून फटीसमोर कागदावर गुळाचा खडा ठेवला आणि सगळे लांब बसले. बऱ्याच वेळानं एक मुंगी बाहेर आली. तिच्यामागून दुसरी, मग रांगच लागली. आत एक मुंगी नव्हती, अख्खं बिऱ्हाड होतं. फटीत कुंकूही बसलेलं होतं. गहिनीनाथांनी आपला सर्वांत बारीक ब्रश आणला आणि कण न् कण उचलून काढला. त्या ब्रशानं त्यांनी काही झाकायचं सोडून स्वच्छ केलं, ते बहुधा पहिल्यांदाच.

फ्लॉपी परत घातली तशी पडद्यावर धनश्री लख्ख दिसली. आणि हनुवटीवरचा व्रणही.

गहिनीनाथ मनकर्णाबाईंना हळूच म्हणाले, "पावडरचा डबा आन जरा. नवा काढतो."

"पावडर नको," धनश्री म्हणाली. "हाय हे फोटो चांगले हायेत."

"पोरी, मला भ्या वाटतं," गहिनीनाथ म्हणाले. लेकीसमोर असं ते कधी बोलले नव्हते. "लई पोरी त्या एवढ्याशा डागापायी नाकारल्याल्या बघितल्यात मी. त्यांनी तुला न्हाई म्हनलं तर?"

"मला न्हाई म्हनलं तर सोशीन मी," धनश्रीनं भिंतीवरच्या फ्रेमकडं बोट केलं. "पर तिला व्हय म्हनलं तर मी काय करू?"

गहिनीनाथांनी पावडरचा विषय सोडला. धनश्रीनं स्वतः फ्लॉपी पाकिटात घातली, कॅमेरा जुन्या साडीत गुंडाळला आणि उरलेला स्क्रू चिकटपट्टीनं वर लावून दिला.

पार्सल पुण्याला गेल्यावर पुढचे दिवस गहिनीनाथ गिऱ्हाइकाचा फोटो काढताना बूथकडंच बघत होते. किती जणांचे डोळे मिटलेले आले, याचा हिशोब नाही. एका दुपारी बूथवाल्यानं हाक मारली आणि ते पायांत चपला न घालताच रस्ता ओलांडून गेले.

"नाथाभाऊ, पोरगी पसंत," रंगनाथराव म्हणाले. "प्रशांत म्हणतो, झोक्यावरनं पडली असंल. त्याच्या गुडघ्यावर पण तसंच हाय. दिवाळीनंतर बघायला येतो रीतीप्रमाणं. बरं, तो स्क्रू कशाचा?"

"तो जास्तीचा हाय," गहिनीनाथ म्हणाले.

"असू द्या. आणखी एक विचारायचं होतं. फोटोत धनश्रीच्या मागं भिंतीवर एक मुलगी दिसती बघा. ती कोण? माझ्या पुतण्यासाठी शोधतोय. तिचं कुठं ठरलंय का?"

गहिनीनाथ रिसीव्हर कानाला लावून उभेच राहिले. बूथवाला मान वर करून त्यांच्याकडं बघायला लागला.

"मामा," शेवटी ते म्हणाले, "ती पोरगी कुठंच नसती. ती मी केलती."

पलीकडं रंगनाथराव एवढ्या मोठ्यानं हसले की बूथवाल्यालाही ऐकू गेलं. "ओळखायला पाहिजे होती मी," ते म्हणाले. "आमच्या घरात तिची बहीण फ्रेममध्ये हाय."

दुकानात येऊन गहिनीनाथांनी स्टुलावर चढून फ्रेम खाली घेतली आणि तोंड भिंतीकडं करून अंधाऱ्या खोलीत ठेवली.

संध्याकाळी नेहमीचं एक गिऱ्हाईक पासपोर्ट फोटो न्यायला आलं. रिकाम्या भिंतीकडं बघून त्यानं विचारलं, "हितली पोरगी कुठं गेली हो?"

"ही काय, हितंच हाय," गहिनीनाथ म्हणाले, आणि धनश्रीनं पावती फाडून त्याच्या हातात दिली.