नाकापाशी राहिलेली फट

ओरेस्ट ह्रिचुक निवृत्त झाला आणि तीन आठवड्यांत त्याची बायको लोर्ना वाळून अर्धी झाली. डॉफिन गावातल्या ट्रक कंपनीत मी एकोणीस वर्षं फोनवर बसून ड्रायव्हरांना कुठे जायचं ते सांगत आलेय, त्यामुळे ओरेस्टचा आवाज मी माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त ऐकलाय. पण माझ्याकडे फोन ठेवायची सोय होती. लोर्नाकडे नव्हती.

एकतीस वर्षं हा माणूस महिन्यातून सहा दिवस घरी असायचा. संसार अगदी सुरळीत चालला होता. मग डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगून त्याचं लायसन्स काढून घेतलं आणि साहेब कायमचे घरी आले. भांडी धुण्याच्या मशीनमध्ये काटे लावायचे ते टोक वर करून की खाली, किटलीत पाणी किती, दूध फ्रीजच्या दारात का ठेवलं, सगळ्यावर साहेबांचं मत! ट्रकमध्ये ऐकायला कोणी नव्हतं म्हणून साठलेलं सगळं आता बाहेर पडत होतं.

"वर्ना, मी शनिवारी रेजायनाला चाललेय, बहिणीकडे," लोर्ना एका दुपारी माझ्या ऑफिसात येऊन म्हणाली. "परत कधी, ते विचारू नकोस."

"अगं, पण तो कॉम्प्युटरवर ट्रकचा खेळ खेळतो ना आता?"

"खेळतो की! जेवणाच्या टेबलाशेजारी जुन्या ट्रकची सीट आणून ठेवलीय. हायवेवर नव्वदनं चाललेला असतो, आणि तिथून मला ओरडून सांगतो, पेरोगी उकडायचं पाणी उतू जातंय!"

माझी जीभ कुठली गप्प बसायला! म्हटलं, त्याला डोळ्यांवर लावायचं हेडसेट घेऊन दे. मान वळवली की आरसा दिसेल, मागचा ट्रेलर दिसेल. तू दिसणार नाहीस. लोर्नानं मला भर ऑफिसात मिठी मारली. गावातल्या दुकानदारानं तीन हेडसेट आठवडाभर वापरून बघायला दिली. शनिवारच्या आत एक जमलं तर ठीक, नाहीतर रेजायना, असं तिनं मला बजावलं. ओरेस्टला यातलं काही ठाऊक नव्हतं. बायकोचं आपल्यावर किती प्रेम आहे, असं तो मला तीनदा म्हणाला. मी मान खाली घातली.

हेडसेट निवडणं म्हणजे त्याच्या लेखी नवा ट्रक घेणं. निघायच्या आधी हातात बॅटरी घेऊन तो सीटभोवती फेरी मारायचा आणि टायरमधली हवा बघायला जेवणाच्या टेबलाच्या चारी पायांना लाथ घालायचा. मग वहीत वेळ लिहायची. मी आपली जेवणाची सुट्टी घालवून हे बघत उभी.

पहिलं हेडसेट हलकं होतं, पण मान वळवली की चित्र सावकाश मागून यायचं. खेळातल्या केनोराच्या रस्त्यावर पहिल्याच वळणाला ओरेस्ट पांढरा पडला. दुसऱ्या वळणावर लोर्नानं हाताला लागलं ते पातेलं त्याच्यापुढे धरलं. त्यात रात्रीचं बोर्श सूप होतं. आम्ही सगळ्यांनी ब्रेडवर भागवलं.

दुसरं चांगलं जड, चहूबाजूंनी बंद. पण चित्र काय विचारता! "वर्ना, पुढच्या गाडीची नंबरप्लेट वाचता येतेय!" असं म्हणून त्यानं सगळे ड्रायव्हर टेकतात तसं खुशीत डावं कोपर खिडकीवर टेकलं. खिडकी होती कुठे? धाडकन जमिनीवर! "मला काही झालं नाही, गाडी सांभाळा!" तो खालून ओरडला, आणि लोर्नानं खरंच धावत जाऊन स्टिअरिंग धरलं. दुसऱ्या दिवशी कोपरासाठी डाव्या बाजूला इस्त्रीचा बोर्ड लावला. मग दोन तास शब्द नाही. लोर्नानं सगळे काटे उलटे लावले आणि खुर्चीत बसून राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"हेच," ती माझ्या कानात पुटपुटली.

तिसरं मी खोक्यातून काढलंही नसतं. चित्र धुरकट, वेग ऐंशी की तीस ते कळेना, आणि नाकापाशी बोटभर फट, तिच्यातून उजेड आत. अर्ध्या तासानं ओरेस्टनं ते काढलं आणि म्हणाला, "हे घेऊया."

लोर्ना भडकलीच. "त्या फटीतून घरात बघायचंय तुला! मला तू जायला हवा आहेस, ओरेस्ट! एकतीस वर्षं जात होतास तसा जा! नाहीतर शनिवारी मी चालले रेजायनाला!"

झालं! सगळं बाहेर पडलं. मी कोट शोधू लागले.

ओरेस्ट बराच वेळ हेडसेटची पट्टी सैल करत राहिला. "त्या बंद हेडसेटमध्ये दोन तास तू घरात आहेस की गेलीस, काही कळेना," तो म्हणाला. "ट्रकवर तसंच व्हायचं. दर थांब्यावर वाटायचं, पोचेन तेव्हा घर रिकामं असेल. कधी बोललो नाही. या फटीतून तुझ्या सपाता दिसतात, लोर्ना. बाकी काही दिसत नाही. देवाशपथ, काटेसुद्धा दिसत नाहीत."

लोर्ना खाली वाकून स्वतःच्या सपाता बघू लागली. मी कोट न घालताच बाहेर पडले.

शनिवारी सकाळी तिची गाडी ऑफिसवरून रेजायनाच्या दिशेला जाताना मला दिसली. कामात लक्ष लागेना. विनिपेगच्या एका ड्रायव्हरला मी भलत्याच गावी पाठवलं. तासाभरानं तिचा फोन आला.

"कुठे पोचलीस?" मी विचारलं.

"घरी. दुकानात गेले होते. नव्या सपाता घेतल्या, रस्त्यावर काम करणारी माणसं जॅकेट घालतात ना, तसल्या भडक केशरी."

"अगं, जुन्यांना काय झालं?"

"त्या तपकिरी होत्या," लोर्ना म्हणाली. "जमिनीच्याच रंगाच्या. एवढ्याशा फटीतून नीट दिसत नसणार त्याला."