डाव्या चाकाचा आवाज

इथे लोक टाकतात ते भुताखेतांचे अनुभव मी जेवल्यावर वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतो. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाच्या दारावर टकटक होते... मला नेहमी वाटायचं, अरे बाबांनो, आधी दाराचा कडीकोयंडा तर बघा! दारव्ह्यात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचा पंप घेऊन शेतकरी आला की मी तो खोलत नाही, आधी चालवून ऐकतो. बेअरिंग गेलं की बुश झिजलं, ते आवाजच सांगतो. कारणाशिवाय काही वाजत नाही, यावर माझा देवापेक्षा जास्त भरवसा होता.

आमच्याकडे एक जुनी छोटी कार आहे. माझी बायको वंदना हिच्या पोटात गाठ निघाली आणि आमच्या नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. दारव्ह्याहून यवतमाळ, तिथून पुढे नागपूर. त्याच फेऱ्यांमध्ये समोरच्या डाव्या चाकाकडून आवाज यायला लागला. ब्रेकर आला की खट्... लहान खड्ड्यात खट्-खट्. वंदना डावीकडेच बसायची, म्हणजे अगदी तिच्या पायाखाली. ऑपरेशननंतर तर प्रत्येक खट् सरशी ती पोटावर हात धरायची. मला ते बघवत नव्हतं. तिच्या आजाराचं माझ्या हातात काहीच नव्हतं, पण गाडीचं होतं ना!

म्हणून एका रविवारी अंगणात जॅक लावला. चाक वर-खाली हलवलं, बॉल जॉइंट ठीक. आडवं हलवलं, टाय रॉड ठीक. वंदनाला स्टिअरिंग फिरवायला बसवून शॉकअपच्या स्प्रिंगवर हात ठेवला, तिथेही काही नाही. तरी त्या बाजूचा लिंक रॉड नवा टाकला, माउंटिंग बदललं. मी एकटा चक्कर मारून आलो, गाडी गप. ती शेजारी बसली आणि गल्लीच्या तोंडाशीच... खट्.

"पाहा बरं," ती म्हणाली, "मी उतरली का गप, अन् बसली का बोंबलते. गाडीले माहाच राग आहे."

"राग-बिग काही नाही. वजनाचा प्रश्न आहे."

आमच्याकडे शेतातल्या मालासाठी तोलकाटा आहे. मी तिला त्यावर उभं केलं, आणि बरोबर तेवढीच तूर एका पोत्यात भरून ते पोतं डाव्या सीटवर बसवलं. सीटबेल्टही लावला. वंदना ओट्यावर बसून पोट धरून हसत होती. "अजी, सवत तं मोठी गुमसुम आणली तुम्ही!" ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा एवढी हसली असेल.

पोतं घेऊन मी सगळा गाव फिरलो. बसस्टँडजवळचा ब्रेकर, बाजाराचा उखडलेला रस्ता, सगळीकडून. आवाज नाही! पोतं उतरवून वंदनाला बसवलं, त्याच ब्रेकरवर खट्. शेजारच्या सुमनताईंना बसवलं, गप. परत वंदना, खट्. माझं डोकंच चालेना.

मी हट्टी माणूस. दर फेरीनंतर काहीतरी बदलायचो, लोअर आर्मचं बुश, मग दुसऱ्या बाजूचाही लिंक रॉड, आणि परत तीच परीक्षा. आता परीक्षा नीट व्हायची तर पोतं तिच्याच वजनाचं पाहिजे. म्हणून दरवेळी ती काट्यावर उभी राहायची आणि दरवेळी मला पोत्यातून तूर काढावी लागायची. आधी पायलीभर, मग त्याहून जास्त. मी खाली बघत तूर काढायचो. एकदा ती म्हणाली, "मोठं भांडं घ्या ना जी. कायले घडीघडी वाकता?" त्यानंतर मी पोतं बंद केलं. आवाज तेवढा राहिला.

शेवटच्या फेरीला डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. आता औषधं बदलून उपयोग नाही, घरी न्या, म्हणाले. तिला मी काय सांगितलं ते आठवतही नाही. कदाचित तिने विचारलंच नसेल.

परत येताना ऊन चांगलंच होतं, चार-साडेचारची वेळ. यवतमाळ ओलांडलं, लोहारा मागे पडला आणि वंदना म्हणाली,

"अजी... वाजली नाही."

"काय?"

"गाडी. लोहाऱ्याचे सारे ब्रेकर गेले ना. वाजली नाही. झाली वाटते दुरुस्त."

मी त्या आठवड्यात गाडीला हातसुद्धा लावला नव्हता. पुढचा ब्रेकर मुद्दाम जोरात घेतला. काही नाही. रस्ता सोडून कडेच्या गिट्टीवर घातली... काहीच नाही. एवढे दिवस तो आवाज जावा म्हणून मी जिवाचा आटापिटा केला होता आणि आता तो यावा म्हणून गाडी गिट्टीवर घालत होतो. ती बसली की गाडी वाजते, एवढं मी सतरा वेळा तपासून पक्कं केलं होतं. ती बसली होती. बाहेरची कपाशीची पऱ्हाटी बघत होती. आणि गाडीच्या लेखी ती सीट रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जे केलं ते कुठलाही शहाणा माणूस करणार नाही. डाव्या लिंक रॉडचा नट मी पान्याने ढिला केला. एवढा, की हाताने फिरावा. अशी गाडी साध्या रस्त्यावरही खडखडलीच पाहिजे. मग वंदनाला उचलून सीटवर बसवलं.

"काहून? कुठं जाचं आहे?"

"एक चक्कर फक्त."

बसस्टँड, बाजार, दिग्रस रोड. मी मुद्दाम एकेक खड्डा शोधत होतो. गाडी इतकी शांत चालत होती की मला वंदनाचा श्वास ऐकू येत होता. शेवटी तिने माझ्या हातावर हात ठेवला. "कायले शोधून राह्यले जी आता? राहू द्या. घरी चला."

सोयाबीन निघायच्या आधीच ती गेली.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी सर्व्हिसिंगसाठी गाडी आमच्या ओळखीच्या रफिकभाईंच्या गॅरेजमध्ये नेली. ते खाली शिरले आणि तिथूनच ओरडले, "भाऊ, ये नट तो हात से घूम रहा! आवाज नहीं आता?" नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसेना. स्वतः चालवून आले, उतरले आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "मेरे को मत पूछो. ये बजनाच मंगता." मग पाना घेऊन कसायला वाकले, तर मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाना खाली ठेवला.

वजन, बुश, तापमान, माझ्या मनाचे खेळ... इथे कोणी जे सुचवेल ते सगळं मी आधीच धरून पाहिलंय. उत्तर मिळालं नाही, आता मिळेल असंही वाटत नाही. नट ढिलाच आहे. दुकानातून येताना बसस्टँडजवळचा ब्रेकर आला की मी डावीकडची काच खाली करतो, गाडी अगदी हळू घेतो आणि ऐकतो. मागच्या गाड्यांचे हॉर्न तेवढे ऐकू येतात.