आरशातल्या बाईचा ताप

“भाऊ, तुम्ही लावलेला हीटर काढून न्या. आईंच्या खोलीतल्या बाईला ताप आला म्हणतात.”

फोन वैशालीताई रहांगडालेंचा होता. सकाळी मी एका दुकानाच्या मेन बोर्डपाशी टेस्टर घेऊन उभा होतो. मला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काही चुकलं.

“कोणाला ताप आला?”

“तेच तर सांगून राहिली ना. त्या खोलीत आईंशिवाय कोणी राहत नाही.”

मी गोंदियात वायरिंग, गीझर आणि हीटरची कामं करतो. आता तीस वर्षं होतील. वैशालीताई शहरालगतच्या मुर्रीला राहतात, शाळेत शिकवतात. नवरा नोकरीला रायपूरला, महिन्यातून दोनदा येतो. घरी त्या आणि सासूबाई. सासूबाईंना मी काकू म्हणतो. डिसेंबरात आमच्याकडे थंडी चांगलीच झोंबते आणि काकूंची खोली उत्तरेकडची. ऊन येतच नाही. वैशालीताईंनी मोबाईलवर आरसा असलेल्या रेडिएटरचा फोटो पाहिला होता. तसाच पाहिजे म्हणाल्या.

मी समजावलं होतं, खऱ्या रेडिएटरमध्ये गरम पाणी फिरतं. त्याला बॉयलर लागतो, घरभर पाइप लागतात. आपल्याकडे ते कोणी करत नाही. पण दिसायला तसाच, विजेवर चालणारा पॅनल मिळतो. भिंतीवर टांगायचा. समोरून आरसा, काचेच्या मागे तापणारी शीट. कॉइलचा हीटर त्यांना नको होता, कारण मागच्या वर्षी काकूंच्या लुगड्याचा पदर लाल कॉइलला लागता लागता राहिला होता. तेलाचा हीटर जमिनीवर ठेवावा लागतो, खोली लहान, काकू अडखळतील. म्हणून आरशाचा पॅनल. ऊब मिळेल आणि काकूंना बसल्या बसल्या वेणीही घालता येईल, असं मीच म्हणालो होतो. त्यांची खुर्ची जिथे असते तिच्या बरोबर समोर, बसलेल्या माणसाचा चेहरा दिसेल इतक्या खाली तो लावला. माझ्या मते काम फस्ट क्लास झालं होतं.

दुपारी मुर्रीला गेलो. वैशालीताईंनी शाळेतून अर्धा दिवस सुट्टी घेतली होती.

“आठ दिवस झाले,” त्या म्हणाल्या. “आधी कुजबुज ऐकू यायची. मला वाटलं, पोथी वाचतात. मग एक दिवस ताटात दोन वाट्या मागितल्या. एक तिच्यासाठी.”

“याआधी असं कधी?”

“थोडं विसरतात. गॅस चालू ठेवतात, माझं नाव चुकतं. पण असं नाही.”

काकू खोलीच्या दारात उभ्या होत्या. आत जात नव्हत्या, नुसत्या डोकावत होत्या. मला पाहून हळू आवाजात म्हणाल्या, “जोरात बोलू नका जी. आत्ताच डोळा लागला तिचा.”

मी आधी मशीन पाहिलं. करंट बरोबर होता. अर्थिंग ठीक. बॉडीला कुठे शॉक नाही. आवाज नाही, वास नाही. हीटरमध्ये काहीही दोष नव्हता.

मी पॅनलसमोर गुडघ्यावर बसलो होतो. काकू सावकाश आत आल्या आणि माझ्या शेजारी वाकून उभ्या राहिल्या. त्यांनी आरशात पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला त्या ओळखत होत्या. चहाबद्दल विचारावं तशा साध्या आवाजात त्यांनी विचारलं, “तिच्यासंग तो माणूस कोण होय?”

मी समोर पाहिलं. काचेत मीच होतो, गळ्यात टेस्टर लटकवलेला. माझ्या खांद्यावर एका बाईचा हात होता आणि ती बाई माझ्याकडे बघत होती. आपलाच चेहरा आपण रोज बघतो. पण त्या क्षणी तो माणूस मला अनोळखी वाटला. मी उठून बाजूला झालो.

“ते पहा, गेला,” काकू म्हणाल्या. “तो गेला का हे एकटीच राहते. बोलत नाही. मी हात लावला तर हात लावते. किती ताप आहे तिले! लावून पहा.”

त्यांनी आरशावर तळहात टेकवला. आतूनही एक तळहात येऊन त्याला टेकला. गरम. घरातल्या कोणत्याही आरशातलं माणूस हाताला थंड लागतं. या आरशातलं गरम लागत होतं, आणि ते मी लावलं होतं.

मी स्विच बंद केला. वैशालीताईंना बाहेर नेऊन म्हणालो, “यांना स्वतःचा चेहरा ओळखू येत नाही. डॉक्टरला दाखवा. मी साधा पांढरा पॅनल मागवतो. नागपूरहून यायला चार दिवस. तोवर हा चालू करू नका, अन् वरून कपडा टाकू नका. झाकलेला पॅनल चुकून चालू झाला तर पेट घेईल.”

इथे माझी चूक झाली. तो पॅनल मी तेव्हाच उतरवायला हवा होता. चार स्क्रू होते. पण नवा आला की एकाच फेरीत काढणं-लावणं होईल, असा हिशेब केला आणि निघून आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत फोन. या वेळीही वैशालीताईंचाच.

“भाऊ, या. आई कालपासून जेवल्या नाहीत. शुगरची गोळी सकाळी घेतली आणि पोटात काही नाही. म्हणतात, ती बाई मेली.”

मी काम टाकून गेलो. आरसा वरपासून खालपर्यंत पांढऱ्या चादरीने झाकला होता. चादरीच्या कडा काकूंनी नीट आत खोचल्या होत्या. खुर्ची भिंतीला सारून त्या खाली जमिनीवर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. थकल्या होत्या.

“काल संध्याकाळी हात लावला,” त्या म्हणाल्या. “थंडागार.”

हीटर मीच बंद केला होता. डिसेंबरातली काच थंड पडणारच. पण हे त्यांना काय सांगणार?

“काकू, दोन घास खाऊन घ्या.”

“मयत घरात आहे अन् खाऊ कशी? लोकं काऊन नाही आले अजून? सांगितलं नाही का कोणाले?”

वैशालीताईंनी ताट पुढे केलं. काकूंनी ते हाताने मागे सारलं. त्यांचे हात थरथरत होते, कपाळावर घाम होता. शुगर उतरत होती हे मलाही दिसत होतं. समजावण्यात वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. मी मेन स्विच बंद केला आणि स्क्रू-ड्रायव्हर काढला.

“काढतो आम्ही,” मी म्हणालो. “घरातून नेतो.”

चादर तशीच ठेवून मी स्क्रू सोडले. पॅनल फार जड नाही, मी एकटा उचलू शकलो असतो. पण वैशालीताईंनी न सांगता दुसरं टोक धरलं. काकू उठल्या. त्यांनी हात जोडले.

“नाव काय होतं बिचारीचं?”

वैशालीताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला खोटं नाव सुचेना. खरं नाव, काकूंचंच, ओठावर आलं होतं, पण ते उच्चारायची हिंमत झाली नाही.

“माहीत नाही, काकू.”

“नाव बी ठाऊक नाही,” त्या म्हणाल्या, “अन् इतके दिवस घरात ठेवली.”

पांढऱ्या चादरीतला तो पॅनल आम्ही दोघांनी सावकाश उंबऱ्याबाहेर काढला. शेजारची बाई कुंपणापाशी उभी राहून बघत होती. तिने पदर डोक्यावर घेतला. गाडीत ठेवताना चादर एका कोपऱ्यातून सरकली आणि काचेत आभाळ दिसलं. मी घाईने ती ओढून घेतली. कशासाठी, ते विचारू नका.

आत पाण्याचा आवाज आला. काकूंनी हातपाय धुतले, डोक्यावर पाणी घेतलं. मग पाटावर बसल्या आणि साखरेचं पाणी प्यायल्या. त्यानंतर वरणभात खाल्ला. सगळा. वैशालीताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या रडत होत्या.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, या आजारात असं होतं. माणूस समोरच्यांना ओळखतो, पण आरशातल्या स्वतःला नाही. घरात दुसरे आरसे होते, पण एक वैशालीताईंच्या कपाटाला आतून, दुसरा बेसिनवर उंच. काकू तिथवर पोचतच नव्हत्या. म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी त्यांच्या डोळ्यांसमोर नेऊन लावला, तेव्हा आलं.

साधा पांढरा पॅनल मी स्वतः बसवून दिला, उंचावर. काकू खुर्चीत बसल्या होत्या. आता मलाही त्यांनी ओळखलं नाही. “ऊन चांगलं पडलं जी आज,” एवढंच म्हणाल्या.

हीटर घ्यायला येणारा माणूस खोलीचं माप घेऊन येतो. लांबी, रुंदी, खिडक्या किती, भिंत कोणती. मीही वर्षानुवर्षं तेवढ्यावरच वॅट काढून देत होतो. आता टेप खिशात ठेवतो आणि आधी विचारतो, त्या खोलीत राहतं कोण? त्या माणसाशी पाच मिनिटं बोलल्याशिवाय ऑर्डर घेत नाही. काही गिऱ्हाइकं यावर चिडतात. एक-दोन दुसऱ्या दुकानात गेली. जाऊ देत.