उपवास सोडताना

आमची पारमिता निपाणीची. आई शेवंताबाई तंबाखूच्या वखारीत राबली आणि तिने पोरीला आहारतज्ज्ञ केलं. आता मायलेकी बेळगावात राहतात. टिळकवाडीतल्या एका खोलीत पारमिता अशांना बघते, ज्यांना जेवणाचीच भीती बसली आहे. लग्नाआधी बारीक व्हायचंय म्हणून कुणी आलं, तर ती दारातूनच वाटेला लावते. जरा फटकळच आहे.

गेल्या वर्षी तिने पेशंटांच्या फोनवर कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक मदतनीस दिला. दोन भेटींच्या मधे तो मराठीत विचारपूस करतो, जेवलीस का, जेवताना काय वाटलं. कॅलरी मोजायची सोय तिने आधीच बंद करून घेतली. आणि एक नियम आपल्या मनाने घातला: कुणी उपवास म्हणालं, की त्या दिवशी पुढे विचारायचं नाही. आपण बौद्ध, दुसऱ्याच्या देवाधर्मात नाक खुपसलं असं कुणी म्हणायला नको.

ही फट अदितीने बरोबर हेरली. कॉलेजातली हुशार पोर, पण पार वाळून गेलेली. ताटातलं अर्धं आईकडे सरकवायची. वजन आणखी उतरलं तर दवाखान्यात दाखल करायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कधी सोमवार, कधी गुरुवार, कधी आणखी कुठला वार काढून ती रोज लिहायची, "आज उपवास." मदतनीस गप्प.

अदितीच्या परवानगीने आठवड्याचा गोषवारा पारमिताकडे जायचा. त्यात एकदा आलं, "अदिती रोज उपवास म्हणाली. सोडला असं एकदाही म्हणाली नाही. नियमामुळे मी विचारलं नाही. विचारू का?"

पारमिताने कपाळावर हात मारला आणि तडक अदितीचं घर गाठलं.

"मॅडम, लई देवभोळी हाय हो आमची," अदितीची आई विनोदिनी कौतुकाने म्हणाली. "उपवासाला नको कसं म्हणायचं?"

"आक्का, सोडल्याबिगर उपवास पुरा होतोय व्हय? हिनं सोडलेला तुम्ही कवा बघितलाय?"

विनोदिनी लेकीकडे वळली. तेवढ्यात अदितीच रडत म्हणाली, "सोडायचीच भीती वाटतीय, मॅडम."

डॉक्टरांनी बरी होईपर्यंत उपवास बंद केले. "देवाला मी सांगते," विनोदिनी म्हणाली. पारमितानेही नियम बदलला. आता उपवासाचं नाव काढलं की मदतनीस विचारायचा, "कशाची भीती वाटतेय? मॅडमना फोन लावू?" अदितीने त्याला चोंबडा म्हटलं, आणखीही बरंच काही ऐकवलं. त्याने राग धरला नाही. मग एके दिवशी तिने लिहिलं, "लाव." पारमिता स्कूटरवरून गेली आणि दोघी शेजारी बसून दहीभात जेवल्या. त्यानंतरचे काही महिने कधी बरे गेले, कधी वाईट. दवाखाना मात्र टळला.

परवा संकष्टी होती. विनोदिनीने चंद्र बघून उपवास सोडला. थोड्या वेळाने पारमिताच्या फोनवर अदितीचा निरोप आला, "मोदक सगळा खाल्ला. आईनं अर्धा मागितला. दिला न्हाय."

पारमिता स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ढसाढसा रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आई, मोदक कर की गं."

शेवंताबाई चकित झाली. "आपण कवापासनं संकष्टी धरायला लागलो?"

"धरायची न्हाय. खायाचं निस्तं."