सासऱ्यांच्या तलवारीचा लंगडा सात

आधी माझा मूर्खपणा सांगतो. जुनी तलवार कधी घासू नये, असं दहा जणांना बजावणारा मी... आणि सासऱ्यांची तलवार मीच चिंच लावून घासली. वर पॉलिश पेपर. देवाच्या तांब्यासारखी लख्ख केली, मग भिंग लावून बघतो तर मुठीखालचा ठसा गायब.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आजही नाही. मी युसूफ वडगाव नावाच्या गावात विकास सोसायटीचा सचिव, सही-शिक्क्यावर जगणारा माणूस. पात्याचा बाक, मुठीची घडण, ठसा बघून तलवार कुठल्या फौजेतली ते सांगणं हा माझा छंद. म्हणून तर ती माझ्याकडं आलेली. निजामाच्या घोडदळातली होती. ठशात उर्दू आकडे – दोन, चार, सात. उर्दू सातच्या दोन पायांतला एक अर्धवट. सासऱ्यांच्या आजोबांचा नंबर. ते घोडदळात होते याला तेवढाच पुरावा, कागद कुठलाच नाही. दृष्टी गेलेले सासरे, आमचे दादा, दर खंडेनवमीला त्या ठशावरून अंगठा फिरवायचे.

त्या वर्षी टँकर चालू होते. "प्यायला कळशी न्हाई अन् तुमी लोखंडाला आंघोळ घालताय," बायको म्हणाली. मग तिनंही भिंगातून पाहिलं. पातं कोरं. "आता दादांना काय सांगताल?"

"खरं तेच सांगीन."

तलवार कपाटात ठेवली, किल्ली माझ्या करगोट्याला.

खंडेनवमीला मांजरसुंब्याजवळ तिच्या माहेरी गेलो. सकाळचे अकरा, अंगणात लख्ख ऊन. म्यानातून तलवार काढून सासऱ्यांच्या मांडीवर ठेवली. "दादा, एक चूक झालीय माझ्याकडून—"

"पूजा होऊ द्या, जावईबापू." त्यांनी अंगठा फिरवला. मी डोळे मिटून घेतले.

"दोन... चार... सात," ते म्हणाले. "लंगडा हाय अजून."

सवयीनं म्हणाले असतील, म्हणून मी तलवार उचलली. ठसा होता. नखाला लागत होता. घरच्यांना पुरावा दाखवायला म्हणून मी खिशात एक कागद नेला होता – घासण्याआधी सोसायटीच्या फॉर्मच्या पाठीवर पेन्सिलीनं उतरवलेला ठसा. तो शेजारी धरला. तंतोतंत.

"तू कोरून घेतलास का?" मेव्हण्याला विचारलं.

"भाऊजी, किल्ली कुणाकडं होती?"

चिंचेच्या आंबटानं दबलेला ठसा वर आला असेल, असं मला एका जाणकारानं सांगितलं. ठीक. मी माझ्याच एका तलवारीचा ठसा घासला, चिंच लावली. तीन वर्षं झाली... गेला तो गेला. तरी मी मानत नाही. कारण सापडलेलं नाही, एवढंच.

तलवार मात्र तिथंच ठेवून आलो. परतताना एसटीत बायको म्हणाली, "सासरी कितीबी घासा, माहेरी गेली की बाई परत व्हती तशी व्हतीय. तुमाला इतक्या वर्षांत दिसलं न्हाई, त्यात तलवारीचा काय दोष?"