चिंचेवरचा आळ

निजामाच्या अखेरच्या वर्षांत लातुरात लग्न म्हटलं की चंद्रप्पाचा ट्रम्पेट हवाच. नवरदेव एक वेळ उशिरा आला तरी चालायचं. पलटणीच्या बँडमधून मोडीत निघालेला हा विलायती बाजा त्यानं तरुणपणी मिळवला होता. त्याच्यावर त्याचा बायकोपेक्षा जास्त जीव आहे, असं लोक म्हणत, आणि लोक फारसे चुकत नव्हते.

बायको लक्ष्मम्मा निलंग्याकडची. दर खंडेनवमीला हत्यारं पूजेला निघाली की विळी-कोयत्याबरोबर ती ट्रम्पेटही चिंच आणि राख लावून घासायची, देवघरातल्या पितळेसारखा लख्ख करायची. मग तो दाराशी उन्हात ठेवून जरा वेळ बघत बसायची.

एका लग्नसराईत ट्रम्पेट फुसफुसायला लागला. वाजवताना शेजारी त्याचा जोडीदार शिवमूर्ती मेरठच्या कारखान्यातला नवा ट्रम्पेट घेऊन उभा राही. जाड पत्रा, वजन दांडगं, आवाज मात्र रेड्याचा. आजवर चंद्रप्पा त्याला हसत आला होता. आता वरातीत रेडाच तेवढा ऐकू येऊ लागला. चंद्रप्पाच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "घासून घासून पत्रा खाल्लास तू माझ्या बाज्याचा. आजपासनं हात लावू नको ह्याला."

त्या खंडेनवमीला तिनं सगळी हत्यारं धुतली आणि ट्रम्पेटला लांबूनच हळदकुंकू वाहिलं. दिवाळीनंतर तिनं तापात अंथरूण धरलं, आणि त्यातच ती गेली.

वर्षभरात ट्रम्पेट पार मुका झाला. तेव्हा कुठे चंद्रप्पा तो रामकिशन तांबटाकडे घेऊन गेला. नमुन्याला शिवमूर्तीचाही नेला, आणि बायकोनं दर खंडेनवमीला घासून पत्रा झिजवला, असं सांगितलं. तांबटानं दोन्ही ट्रम्पेटांच्या पसरट तोंडांवर बोटाच्या पेरानं टकोरा मारला. नवा ठक्‌ करून गप्प झाला. जुना कितीतरी वेळ गुणगुणत राहिला.

"घासल्यानं काईबी झालं न्हाई, पत्रा अजून खणखणीत हाय," तांबट म्हणाला. मग त्यानं चंद्रप्पाचा डावा हात धरून मधल्या नळ्यांवर ठेवला. तिथं पितळ लालसर होऊन खड्डे पडले होते, आरपार भोकं गेली होती. चारी बोटं आणि अंगठा त्या खड्ड्यांत अचूक बसले.

"तुमच्या घामानं खाल्लंय, चंद्रप्पा. काईंचा घाम लई आंबट असतो. वैनी वर्साला धुऊन काढायच्या, म्हणून तर इतकी वर्सं टिकला."

भोकं डाग लावून बुजवून देतो, असं तांबट म्हणत होता. चंद्रप्पा ट्रम्पेट तसाच घेऊन घरी आला. तोंडात मारल्यासारखं झालं होतं, पण मारणारं कोणी समोर नव्हतं. घातलेला आळ परत घ्यायचा तरी कुणापाशी?

पुढची खंडेनवमी आली. त्यानं चिंच भिजवली, चुलीतली राख काढली, ट्रम्पेट मांडीवर घेतला. एवढ्या वर्षांत ती हे कसं करते, ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. स्वयंपाकघराकडे बघत तो सवयीनं बोलून गेला, "अगं, राख आधी का चिंच?"

बोललेलं त्याचं त्यालाच ऐकू आलं. मग त्यानं आपला डावा हातच चिंचेच्या पाण्यात घातला.