मागे वळून पाहिलं तेव्हा

देवाला मी कधी सरळ हात जोडले नाहीत. आधी तक्रार, मग नमस्कार, असा माझा स्वभाव. त्या दुष्काळात तर तक्रारीच फार साचल्या होत्या. विहीर कोरडी पडलेली, आमच्या दोन्ही म्हशी दूध सोसायटीच्या चारा छावणीत बांधलेल्या आणि छावणी आता बंद होणार अशी कुजबुज रोज कानावर यायची. माझी धाकटी जाऊ सुमन मात्र भाबडी. ती म्हणाली, "बाई, गोदामाईचं पाणी नारायणगडावर नेऊ. देव न्हाला की पाऊस पडंल बघा." माझा विश्वास बसत नव्हता, पण तिचं मनही मोडवेना. आमच्याकडे या घागरीचा नेम कडक. शेवटच्या टप्प्याला घागर डोक्यावर घेतली की देवाला पाणी घालेपर्यंत पोटात थेंब नाही, तोंडातून शब्द नाही आणि मागे वळून पाहायचं नाही. मी मौन धरणार हे ऐकून नवरा येता-जाता हसत होता.

नदीच्या डोहात उरलेलं पाणी दोन घागरींत भरून आणलं, वाटेत एका वस्तीवर मुक्काम केला आणि उजाडताच घागरी डोक्यावर घेऊन माळाची आडवाट धरली. पुढे मी, मागे सुमन. गुडघाभर वाळलेलं गवत, लुगड्याला टोचणारी कुसळं. लांबवर काळविटांचा कळप उभा होता, पोटं खपाटीला गेलेली. आम्हाला पाहूनही ती पळाली नाहीत, पळायचं त्राणच नसावं. पुढे वन खात्याचं हिवराच्या काटेरी झाडांचं रान लागलं. सावली नावालाच. ऊन डोक्यावर आलं तशी जीभ टाळूला चिकटली. मागून सुमनच्या पावलांची सळसळ येत होती, तेवढ्यावर मी चालत राहिले.

रान संपून पुन्हा माळ लागला आणि वाटेच्या मधोमध लांडगा उभा दिसला. मातकट रंग, लांब पाय, हाडं मोजून घ्यावीत असा. मी जागीच थांबले. ओरडावं तर मौन. लांडगा गुरगुरला नाही, दात विचकले नाहीत, वाटही सोडेना. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे लागली होती. मागे दुसरा लांडगा आहे की काय, या भीतीने माझा नेम मोडला. घागर दोन्ही हातांनी धरून मी पूर्ण मागे वळले.

मागे कोणीच नव्हतं. लांडगा नव्हता आणि सुमनही नव्हती. नुसतं गवत वाऱ्यावर सळसळत होतं. तीच सळसळ मी इतका वेळ सुमनची पावलं समजून ऐकत आले होते. "सुमे!" मी किंचाळले. लांडग्याचा विचारही मनात राहिला नाही. घागर छातीशी धरून मी आले त्या वाटेने पळत सुटले.

ती हिवराखाली पडली होती. घागर कलंडलेली, पाणी भुईने पिऊन टाकलेलं. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे अर्धे उघडे. किती हाका मारायच्या राहिल्या असतील तिच्या तोंडात! बिचारीने पडतानाही नेम पाळला होता. माझ्या घागरीवरच्या फडक्याची गाठ मी दातांनी सोडली. देवाचं पाणी तिच्या डोक्यावर, मानेवर, छातीवर ओतलं, ओठांवर बोटांनी लावत राहिले. आरडाओरडा ऐकून मागून मेंढरं घेऊन येणारा एक म्हातारा धनगर धावत आला. त्याने घोंगडीची सावली धरली. सुमनच्या पापण्या हलल्या आणि तिचा पहिला शब्द निघाला तो माझ्यावर चिडूनच, "देवाचं पाणी मला कावून घातलं, बाई?" मी हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं.

धनगराने तिला तट्टावर बसवून दवाखान्यापर्यंत पोचवलं. वाटेत मी लांडग्याचं सांगितलं. तो म्हणाला, "त्यो आमच्या मेंढरांवर डोळा ठेवून हाय. पर मानसाच्या वाटंवर कदी थांबत न्हाई. आज कावून थांबला, त्यालाच ठावं." यापेक्षा जास्त मलाही ठाऊक नाही.

सुमन हिंडू-फिरू लागल्यावर आम्ही रिकामी घागर घेऊन गडावर गेलो. तक्रार करायला तोंड उघडलं, पण एकही आठवेना. नुसते हात जोडले. पाऊस त्या वर्षी उशिराच आला, एक म्हैस वाचली, एक गेली. तरी दर वर्षी आम्ही पाणी नेतो. मी नेम सांभाळत होते, देव माणूस सांभाळत होता, एवढं मला त्या माळावर उमगलं. आता सुमन पुढे चालते, मी मागे, आणि मौन आम्ही सोडलंय. ती गडापर्यंत अखंड बडबडते. मी एका शब्दानेही तिला अडवत नाही.